कोरेगावच्या शिपायाला खाकी चढवू नका



डिसेंबर उजाडला की आपल्या वस्त्यांतून मुलांची लगबग सुरू होते. १ जानेवारीसाठी कुणी पुठ्ठ्याचा स्तंभ करतो, कुणी चित्र काढतो. आमच्या शेजारच्या एका मुलाने स्तंभाबरोबर लढाईही मांडायची ठरविली. प्लास्टिकच्या शिपायांची पिशवी आणली, निळ्या कागदाची भीमा केली, आणि साऱ्या शिपायांना खाकी रंग दिला. वडील कामावरून आले, थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बाळा, हे आपले शिपाई की पोलीस पार्टी?" पोरगे हिरमुसले. त्याची आई आम्हाला विचारू लागली, "मग त्यांना रंग द्यायचा तरी कोणता?"

प्रश्न साधा नाही. म्हणून आज त्यावरच लिहितो.

मुलाची यात चूक नाही. पोलीस खाकीत, एस.टी.चा कंडक्टर खाकीत. शिपाई म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खाकीच येते. पण १८१८ साली इंग्रजांच्या फौजेत खाकी गणवेश जन्मालाच आला नव्हता. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने ‘गाइड्स’ नावाची तुकडी उभी केली. डोंगराळ मुलखात शिपाई लांबून दिसू नये म्हणून तिला मातकट कपडे मिळाले. फारसीत खाक म्हणजे माती, धूळ. आपण ‘जळून खाक झाले’ म्हणतो, तोच हा शब्द. १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, कॉफी, चिखल, मिळेल त्यात बुडवून मळखाऊ केले. पुढे हाच रंग साऱ्या फौजेत पसरला.

विलायतेत मोठी माणसेसुद्धा अशा छोट्या शिपायांच्या लढाया खेळतात. एच. जी. वेल्स या नामवंत लेखकाने १९१३ साली या खेळाच्या नियमांचे पुस्तकच लिहिले. इंचभर उंचीचे शिपाई रंगवायचे, टेबलावर मांडायचे, पट्टीने अंतर मोजायचे आणि फासे टाकून निकाल लावायचा. या खेळातील जाणत्यांची एक रीत आपणही घ्यावी. ते आधी साल व ठिकाण पक्के करतात आणि मगच रंगाची डबी उघडतात.

आपले साल १८१८, ठिकाण भीमाकाठचे कोरेगाव. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे ८०० माणसे होती. त्यांत मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, बाकीचे घोडेस्वार, आणि दोन तोफांवर मद्रास तोफखान्याचे थोडे गोरे गोलंदाज. खेळात २० माणसांमागे एक बाहुला धरला तर पायदळाचे २५ बाहुले पुरतात. खिशाला ते झेपण्यासारखे आहे. प्लास्टिकचे नको असतील तर शाडूचे करावेत.

आता रंग. पायदळाच्या शिपायाचा डगला लाल. पण हा लाल देवळाच्या ध्वजासारखा भडक नव्हे. साध्या शिपायाचे कापड मंजिष्ठाच्या मुळीत रंगविलेले असे. त्याचा लाल विटेकडे झुकणारा. साहेबाचा डगला किड्यापासून काढलेल्या किरमिजी रंगाचा, अधिक झळाळता. एकाच फौजेत लालही दोन प्रतीचा होता, हे मुलांना जरूर सांगावे. तेव्हा शिपायासाठी लाल रंगात थोडा तपकिरी मिसळा. साहेबाला मात्र लाल तसाच द्या. तोफखान्याचा डगला निळा. छातीवर फुलीसारखे आडवे गेलेले पट्टे पांढरे. पण त्या पांढऱ्यात किंचित राखी मिसळावी, म्हणजे ते उन्हातान्हात वापरलेले दिसतात. छोट्या वस्तूवर रंग गडद भासतो, म्हणून प्रत्येक रंग मनातल्यापेक्षा थोडा उजळ घ्यावा.

प्लास्टिकचे शिपाई आधी साबणाच्या पाण्याने धुवावेत, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. महागडे रंग नकोत. साडीवर फुले काढायचे फॅब्रिक रंग घरात असतील तर तेही चालतात. पहिला हात राखी रंगाचा द्यावा व तो वाळू द्यावा.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इंग्रजी डब्यांवर वर्षानुवर्षे ‘कातडीचा रंग’ असे छापलेले असे, आणि आत निघे गुलाबी! जणू माणसाची कातडी एकाच रंगाची असते. आपल्या शिपायाचा चेहरा त्या डबीत नाही. तो तपकिरी, पिवळा आणि थोडी काव मिसळून करावा. आणि सगळ्यांचा सारखा करू नये. कुणी सावळा, कुणी निमगोरा, कुणी काळाभोर. मुलाने आपल्याच घरातील माणसांकडे पाहून रंग मिसळावा.

तीच काळजी समोरच्या फौजेलाही घ्यावी. पेशव्यांच्या बाजूने चालून आलेल्यांत अरब होते, गोसावी होते, मराठे होते. त्यांना एकाच मळकट रंगात बुडविणे हा आळस आहे. परदेशी खेळाडूंचीही एक जुनी खोड होती. गोऱ्या पलटणीच्या कॉलरीचा रंग पुस्तकात शोधायचा आणि विरोधकांवर एकच तपकिरी फासायचा. २२ जानेवारी १८७९ ला दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजी फौजेचा धुव्वा उडविला. तेथील २४ व्या रेजिमेंटच्या लाल डगल्याची कॉलर हिरवी, हे पुष्कळांना पाठ असते. पण झुलूंच्याही पलटणी होत्या. त्यांच्या ढाली राजाच्या गुरांच्या कातड्याच्या. तरुण पलटणींच्या गडद, तर जुन्या मानकऱ्यांच्या पांढऱ्या, अशी मूळ रीत. म्हणजे त्यांनाही गणवेश होताच. पाहणाऱ्याला तो दिसत नव्हता, इतकेच.

ज्याचा रंग शोधायचे कष्ट आपण घेतो, त्याला आपण माणूस मानतो. ज्याला घाईने एकच रंग फासतो, त्याला गर्दी मानतो. गर्दीत ढकलले जाणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

शेवटी एक काम मुलांकडून करून घ्या. कोरेगावच्या स्तंभावर शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ते आपले महार शिपाई. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापुढे उभे राहिले होते. यंदा तेथे गेलात तर गर्दीत मुलाचा हात धरून ती नावे वाचा, वहीत उतरवून घ्या. घरी येऊन एकेका बाहुल्याच्या तळाशी एकेक नाव लिहा.

शेजारचा मुलगा आता खाकी खरवडतो आहे. पहिला लाल शिपाई त्याने वडिलांना दाखविला. ते काही बोलले नाहीत. चष्मा लावला आणि तळाशी काय लिहिले आहे ते वाचू लागले.