बंदराचे बळ किनाऱ्यावर मोजू नये

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या डोंगरापासून काही किलोमीटरांवरून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. माघी पौर्णिमेच्या सुमारास देशाच्या निरनिराळ्या भागांतून गोंड समाजाचे हजारो भाविक तेथील गुहांच्या दर्शनाला येतात आणि दरेकसा हे एरवीचे आडवळणी स्थानक काही दिवस गजबजून जाते. बाकी वर्षभर या मार्गावर राज्य असते ते मालगाड्यांचे. अरबी समुद्र येथून जवळजवळ हजार किलोमीटर दूर आहे. तथापि महाराष्ट्राच्या बंदरांचे सामर्थ्य कशात आहे व ते वाढावे कसे, या प्रश्नाचा विचार करावयाचा तर तो या दूरच्या टोकापासूनच करावयास हवा.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ७६,२२० कोटी रुपयांचा अंदाजित खर्च, सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली, कंटेनरांसाठी नऊ टर्मिनले आणि वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनर-एकके हाताळण्याची नियोजित क्षमता, हे आकडे डोळे दिपविणारे आहेत. परंतु धक्क्यांची लांबी आणि पाण्याची खोली म्हणजे बंदराचे संपूर्ण बळ नव्हे. बंदर हे दार आहे. दाराची प्रतिष्ठा अखेर घरातील नांदतेपणावर अवलंबून असते. ज्या मुलखाचा माल बंदरातून जातो-येतो, त्याला अर्थशास्त्रात व भूगोलात बंदराचा पृष्ठप्रदेश म्हणतात. हा पृष्ठप्रदेश किती विस्तीर्ण, किती उत्पादक आणि बंदराशी किती स्वस्तात जोडलेला आहे, यावरच बंदराची स्पर्धाशक्ती ठरते.

इतिहासाची साक्ष हीच आहे. सातवाहनकाळात सोपारा आणि कल्याण ही बंदरे भरभराटीला आली, ती नाणेघाटाने त्यांना जुन्नर-पैठणच्या मुलखाशी जोडले म्हणून. मुंबईचे नैसर्गिक बंदर तर शतकानुशतके तेथेच होते. पण त्याचा खरा उत्कर्ष झाला तो लोहमार्ग सह्याद्री ओलांडून वर चढल्यावर. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये व थळघाटाचा १८६५ मध्ये खुला झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी आणि १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा यांची जोड मिळाली. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक उभा राहिला. मुंबई बंदराच्या वैभवात वऱ्हाडच्या काळ्या मातीचा वाटा किती मोठा होता, हे यावरून ध्यानी यावे.

मुंबई बंदरावरील ताण हलका करण्यासाठी न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. या बंदराची वाढ स्पर्धेच्या तत्त्वावर झाली आहे. १९९९ मध्ये तेथे देशातील मोठ्या बंदरांमधील पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल कार्यान्वित झाले. पुढे आणखी दोन आंतरराष्ट्रीय कंपन्यांची टर्मिनले आली. एकाच बंदरात अनेक चालक आल्याने जहाज कंपन्यांना निवडीला वाव मिळाला व कामाचा वेग वाढला. २०२४-२५ मध्ये या बंदराने सुमारे ७३ लाख कंटेनर-एकके हाताळली. तरीसुद्धा १९९८ मध्ये कामास आरंभ केलेले गुजरातेतील मुंद्रा हे खाजगी बंदर कंटेनर-वाहतुकीत २०२०-२१ पर्यंत त्याच्या पुढे निघून गेले होते. मुंद्र्याजवळ खोल पाणी होते हे खरे. पण त्याने स्वतःचा लोहमार्ग आदिपूरपर्यंत नेऊन उत्तर भारताच्या पृष्ठप्रदेशावर वेळीच हात ठेवला, हेही तितकेच खरे. न्हावा-शेव्याला मात्र अलीकडच्या काळात बहुतांश कंटेनर रस्त्यानेच जातात-येतात. लांब पल्ल्याच्या मालाला हा मार्ग महाग पडतो.

येथे गोंदियाचा संबंध येतो. गोंदिया-भंडारा हा धानाचा मुलूख, आणि भातगिरण्या हा त्याचा प्रमुख उद्योग. रेल्वेने मुंबई येथून सुमारे ९७० किलोमीटर, तर विशाखापट्टणम सुमारे ७०० किलोमीटर पडते. हा निव्वळ भूगोलाचा योगायोग नाही. १९३१ मध्ये रायपूर-विजयनगरम लोहमार्ग पूर्ण झाला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर सुरू झाले. मध्य प्रांताचा माल समुद्रापर्यंत नेण्यासाठी मार्ग आणि बंदर यांचा विचार एकत्रच केला गेला होता. आता रायपूर-विशाखापट्टणम असा ४६४ किलोमीटरचा सहापदरी द्रुतगती मार्ग आखण्यात आला आहे. बिगरबासमती तांदळाच्या निर्यातीत आंध्रचेच काकीनाडा बंदर अग्रेसर राहिले आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरचे धान पूर्व किनाऱ्याच्या ओढीत आहे.

पण केवळ अंतर निर्णायक नसते. पश्चिम आफ्रिकेला जाणारा उकडा तांदूळ पोत्यांनी भरलेल्या अख्ख्या जहाजातून जातो, तेव्हा काकीनाडा सोयीचे ठरते. आखाती देशांतील व्यापाऱ्याला थोडा-थोडा माल नियमाने हवा असेल, तर कंटेनर आणि वारंवार सुटणारी जहाजे लागतात. तेथे पश्चिमेच्या बंदरांचे पारडे जड होते. महाराष्ट्राचा तांदूळ महाराष्ट्राच्याच बंदरातून गेला पाहिजे, हा प्रादेशिक अभिमान म्हणून ठीक. अर्थकारण म्हणून तो टिकत नाही. दोन किनारे एका मुलखासाठी चढाओढ करीत असतील तर त्या मुलखाचे भलेच आहे.

या चढाओढीचा धान पिकविणाऱ्याशी संबंध सरळ हिशेबाचा आहे. बंदरावरील भावातून गिरणीची भरडाई, पोती, रेल्वेचे वा ट्रकचे भाडे, रिकामा कंटेनर आणण्याचा खर्च व मध्यस्थांची दलाली वजा जाता जे उरते, त्यातून धानाला भाव मिळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. आधारभूत किंमत भावाचा तळ सांभाळते. त्यावर किती चढता येईल, हे बाजारापर्यंतची वाट किती स्वस्त आहे यावर ठरते. ही बचत मधल्या मध्येच मुरू नये म्हणून खरेदीदारांतही स्पर्धा हवी. आज गिरण्यांचे पुष्कळसे काम शासकीय खरेदीच्या धानाची भरडाई करण्याचे आहे. त्यातून गिरणी चालते, पण निर्यातक्षम प्रतवारीची सवय लागत नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, लोहमार्गाची. गोंदिया-डोंगरगड चौथी मार्गिका (८४ किलोमीटर) आणि वर्धा-भुसावळ तिसरी व चौथी मार्गिका (३१४ किलोमीटर) यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. वाढलेल्या क्षमतेचा काही हिस्सा वेळापत्रकाने धावणाऱ्या कंटेनरगाड्यांना राखून ठेवला पाहिजे; अन्यथा कोळसाच ती सारी गिळून टाकील. दुसरी, एकट्याने गाडी भरू न शकणाऱ्या छोट्या गिरण्यांचा माल एकत्र करून तपासणी, जकातीचे सोपस्कार आणि मोहोरबंदी जिल्ह्यातच उरकण्याची सोय. तिसरी, धोरणाचे सातत्य. जुलै २०२३ मध्ये पांढऱ्या बिगरबासमती तांदळाची निर्यात बंद झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. देशातील ग्राहकाला महागाईपासून जपणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. पण चौदा महिन्यांत गमावलेले गिऱ्हाईक एका आदेशाने परत येत नाही. अचानक बंदीऐवजी, आधी जाहीर केलेल्या निकषांवर बदलणारे निर्यातशुल्क हा अधिक समंजस मार्ग ठरेल.

वाढवणच्या मच्छीमारांनी आपल्या उपजीविकेच्या चिंतेने त्या प्रकल्पाला दीर्घकाळ विरोध केला आहे. आपल्याच दारात उभे राहणारे बंदर आपल्या हाती काय ठेवणार, हा त्यांचा प्रश्न आहे. आणि हजार किलोमीटरांवरच्या धानउत्पादकाचाही प्रश्न तोच आहे. किनाऱ्यावरील माणसाला विस्थापनाची किंमत मोजावी लागावी आणि अंतर्भागातील माणसाला लाभाचा कणही मिळू नये, अशी वाढ आकड्यांनी कितीही मोठी दिसली तरी तिला विकास म्हणता येणार नाही.

बंदरे आपल्या वार्षिक अहवालात हाताळलेल्या कंटेनरांची संख्या अभिमानाने देतात. तिच्याशेजारी आणखी एक आकडा द्यावयास हरकत नसावी : सालेकशाहून निघालेल्या तांदळाच्या एका क्विंटलला जहाजावर चढेपर्यंत किती रुपये व किती दिवस लागले. हा आकडा वर्षागणिक उतरत गेला, तरच बंदराचे बळ वाढले असे समजावे.