हात बसला पाहिजे

परवा कंपनीत वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरला. प्रत्येक तंत्रापुढे एक ते पाच यातला आकडा टाकायचा. पाच म्हणजे एक्सपर्ट. डेटाबेसपुढे मी बिनधास्त पाच टाकले. शेजारच्या सहकाऱ्याने तीन. गंमत म्हणजे रात्री दोनला सर्व्हर बसला की फोन जातो तो त्याला! (मी तेव्हा झोपलेला असतो.) बढतीच्या यादीत नाव आलं ते मात्र माझं.

तेव्हापासून हा शब्द काही डोक्यातून जात नाहीये. आपण हल्ली सरसकट 'तज्ज्ञ' म्हणतो. तत् अधिक ज्ञ, म्हणजे 'ते' जाणणारा. 'ते' म्हणजे नक्की काय, हे शब्द सांगतच नाही, म्हणून टीव्हीवर कुणालाही चिकटवता येतो. बाकीचे शब्द बघा. पारंगत म्हणजे पैलतीराला गेलेला. निष्णात म्हणजे त्यात बुडून न्हालेला. कुशल म्हणजे हात कापून न घेता दर्भ आणणारा, आणि प्रवीण म्हणजे मुळात वीणा वाजवण्यात तयार, असं जुने व्याकरणवाले सांगतात. यातला एकही शब्द नुसतं माहीत असणाऱ्याला लागू पडत नाही. आधी काहीतरी करावं लागतं.

मी साताऱ्याचा, त्यामुळे तज्ज्ञ म्हटलं की मला आमच्या जिल्ह्यातली वाई आठवते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथल्याच प्राज्ञपाठशाळेत घडले. 'तर्कतीर्थ' ही कुणी प्रेमाने दिलेली उपाधी नव्हे, १९२३ साली कोलकात्याला दिलेली परीक्षा आहे. त्यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. काही चुकलं तर कुणाला धरायचं ते कळतं. असा तज्ज्ञ मला चालतो.

पण खरी फजिती झाली मिरजेत. सासुरवाडी सांगलीची. गेल्या महिन्यात सासूबाईंचा तानपुरा दुरुस्तीला घेऊन गेलो. मिरजेची ही कला एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी उभी केली. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. २०२४ मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुकानात तिशीतला एक जण होता. भोपळ्याची चीर त्याने बघता बघता बुजवून दिली. मी म्हटलं, आता जवारीही करून टाका. जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा इतका नेमका घासायचा, की तार त्याला हलकेच चाटत कंप पावली पाहिजे; त्यातूनच तो भरलेला गुंजारव येतो. किंचित जास्त घासलं की गेलं, पहिल्यापासून सुरुवात.

तो म्हणाला, "ते काका करतील. ते संध्याकाळी येतात."

"तुम्हाला येत नाही?"

"येतं की. बारा वर्षं झाली. पण अजून हात बसला नाही."

हात बसणे! शाळेपासून ऐकलेला शब्दप्रयोग, पण कुणी स्वतःबद्दल नकारार्थी, ते सुद्धा गिऱ्हाइकासमोर वापरलेला पहिल्यांदाच ऐकला. माझा तो डेटाबेसचा कोर्स सहा आठवड्यांचा होता, बरं का.

असो. संध्याकाळपर्यंत थांबलो. काका आले, घोडी घासली, तार छेडली, पुन्हा घासली. तासभर तरी चाललं असेल. पुतण्या शेजारी हात बांधून नुसता ऐकत उभा होता.

सोमवारी मॅनेजरला मेल लिहिला, की माझे पाच खाली आणा आणि त्याचे तीन वर न्या. अजून ड्राफ्टमध्येच पडलाय.