आधी आडनाव, मग दोस्ती

नालासोपाऱ्यात खोली बघायला गेलो. एजंटनं भाड्याआधी आडनाव विचारलं. बाबुराव बागूल आठवले. १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’तला कवी-नायक रेल्वेच्या नोकरीपायी उधन्याला जातो. आपल्या विरारवरनं सुरतेकडे जाणाऱ्या याच रुळावर. परक्या मुलखात दोस्त भेटतात, डोक्यावर घेतात. जात कळते, आणि तीच दोस्ती लाथाबुक्क्यांनी तुडवते. सोडवतो कोण? काशिनाथ, ज्यानं जात कधी चोरलीच नाही. समीक्षक याला एकाकीपणा म्हणतात. काय गोंडस शब्द!

मी खरं आडनाव सांगितलं. खोली गेली. शेजारच्या चाळीतला बिहारी रंगारी सगळं ऐकत होता. म्हणाला, माझ्याकडे झोप. पेटी तेवढी बाहेर ठेव, आत आधीच सहाजण आहोत.