कार्डावर नाव आपले, माती कोणाची?



कापूस-ज्वारी परवडत नाही तर दोन एकर संत्रा लावा, असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. पुरावा म्हणून ते मृद आरोग्य पत्रिका पुढे करतात. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या नियमात कोरडवाहू भागासाठी १० हेक्टरमागे एक नमुना ठरवला गेला. १० हेक्टर म्हणजे २५ एकर! तेवढ्यात उतारावरची मुरमाड जमीनही आली आणि नाल्याकाठची काळीही आली. दोन्हींचा आकडा एकच. कार्डावर नाव आपले, माती भलत्याचीच.

आणि नमुना किती खोलीचा? वीतभर. कापूस-ज्वारीच्या खताचा हिशेब त्यावर बसेलही. पण संत्र्याचे झाड वीतभर मातीवर पंधरा-वीस वर्षे उभे राहत नाही. वर काळी आणि दोन फुटांखाली चुनखडी, अशी शेते किती, हे विहीर खणणाऱ्याला विचारा. चुनखडी १० टक्क्यांच्या वर असेल तर ती जमीन संत्र्याची नव्हे. तिथे लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. शिरा हिरव्या राहतात, पान पिवळे पडते. पत्रिकेतल्या १२ तपासण्यांत नत्रापासून बोरॉनपर्यंत सगळे आहे, चुनखडी मात्र नाही!

पान पिवळे पडले की दुकानदार बाटली खपवतो आणि साहेब म्हणतात, शेतकरी अडाणी. शेतकीची पदवी घेतलेले आम्हीही एकेकाळी हेच म्हणत होतो. चूक आमची होती. खालची माती न पाहता आम्ही वरच्या झाडाला औषध सांगत होतो.

कापूस फसला तर एक हंगाम जातो. संत्र्याचे पहिले पीक हाती यायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर व्याज थांबत नाही. फसलेली बाग तोडायची वेळ येते तेव्हा सल्ला देणारा बदलून गेलेला असतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. फळबागेची शिफारस करण्याआधी त्याच शेतात तीन फूट खड्डा घ्या. फुटाफुटाचा नमुना वेगळा ठेवा, चुनखडी मोजा, पाण्याचा निचरा पाहा. उभ्या बागेत पानांचीही तपासणी करा. सौम्य आम्लाच्या दोन थेंबांनी चुनखडीची माती फसफसते. एवढे करायलाही तिजोरी रिकामी होते काय? खर्च शिफारस करणाऱ्याने सोसावा.

तोवर कोणी कलमे घेऊन दारात आला, तर आधी त्याच्या हाती कुदळ द्या. खड्डा नाही, तर कलमही नाही!