हाताला बुद्धी, बुद्धीला हात

फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या अर्थसंकल्पात, पाच वर्षांत सरकारी शाळांतून पन्नास हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उघडण्याची घोषणा झाली. नीती आयोगामार्फत २०१६ पासून चालणाऱ्या या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतः काही बनवून पाहावे म्हणून शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्रिमिती मुद्रणयंत्र, संवेदक, यंत्रमानवाचे सुटे भाग अशी सामग्री त्यातून येते. सरकारी शाळेतील मुलाच्या हाती हत्यार येणार असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु प्रयोगशाळा उघडणे आणि प्रयोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्घाटनाची फीत कापल्यावर कपाटाला लागलेले कुलूप वर्षभर निघत नाही, हा अनुभव आपल्याकडील शाळांना नवा नाही.

दुखणे सामग्रीच्या अभावापेक्षा खोल आहे. ज्यांनी घडवले त्यांना अक्षरापासून दूर ठेवायचे आणि ज्यांच्या हाती अक्षर होते त्यांनी हत्याराला शिवायचे नाही, अशी वाटणी जातिव्यवस्थेने या देशात शतकानुशतके टिकवली. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार यांचे ज्ञान हातातच राहिले. त्याला ज्ञान म्हणण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. इंग्रजी अमदानीतील शिक्षणाने ही दरी बुजवली नाही, उलट तिला पदव्यांची प्रतिष्ठा दिली. आजही अभियांत्रिकीचा पदवीधर कानस हाती न धरता बाहेर पडू शकतो आणि आयटीआयच्या फिटरला ‘कसे’ शिकवले जाते, ‘का’ शिकवले जात नाही. म्हणूनच प्रयोगातून अभियांत्रिकी शिकणे हा आमच्या दृष्टीने समतेचा प्रश्न आहे.

ही दरी बुजवता येते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञान शिक्षण सुरू केले. मुलांनी स्वतः प्रयोग करायचा, निरीक्षणे नोंदवायची आणि निष्कर्षही स्वतःच काढायचा, अशी ती पद्धत होती. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. हा कार्यक्रम वाढत वाढत सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. देशभरातील शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी केलेला निषेध कामी आला नाही. तीस वर्षांचा प्रयोग शासनाच्या एका निर्णयाने संपू शकतो, हा धडा पन्नास हजारांचा आकडा ऐकताना विसरता कामा नये.

याच कार्यक्रमात १९७८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचा तरुण अभियंता दाखल झाला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या एवढ्याच साहित्यातून त्याने जोडणीचा खेळ उभा केला. नळीच्या तुकड्यांत काड्या खोवून चौकोन केला तर तो बोटाच्या धक्क्याने कलंडतो. त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलात त्रिकोणांची जाळी का असते, याचे उत्तर तिसरीतल्या मुलाला काही पैशांत मिळते, आणि ते कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर त्याच्या बोटांना कळले म्हणून मिळते.

याच त्रिकोणाचे घर पाहायचे असेल तर शिरूर तालुक्यातील पाबळला जावे. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने नापास ठरवलेली मुले तेथे वेल्डिंग करतात, विजेची जोडणी करतात, शेती आणि पशुपालन शिकतात, त्रिकोणी सांगाड्यांचे घुमट बांधतात. काम गावाच्या उपयोगाचे असते, त्याचा मोबदला मिळतो, आणि बिघडलेली वस्तू का बिघडली हे शोधणे हाच पाठ ठरतो. वर्गात ‘ढ’ ठरलेला मुलगा कार्यशाळेत हुशार निघतो, तेव्हा ढ कोण होते याचा विचार शाळेनेच करायला हवा.

प्रयोगाला वयाचीही अट नसते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक दलित शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वेगळ्या पेरल्या, पुन्हा पुन्हा तुलना केली, आणि त्यातून ‘एचएमटी’ हा तांदूळ आला. क्षेत्र शेतीचे असले तरी रीत प्रयोगशाळेचीच होती. तो तांदूळ दूरवर पिकला, विकला गेला. २०१८ साली खोब्रागडे मात्र हलाखीत वारले. संशोधन जनतेचे आणि नफा दुसऱ्याचा, ही वाटणीही बदलली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेत पूर्ण वेळ, कायम नेमणुकीचा आणि प्रशिक्षित शिक्षक असावा. गावातील सुतार, गवंडी, पंप दुरुस्त करणारा कारागीर यांना तेथे मानधन देऊन शिकवायला बोलवावे. शाळा सुटल्यावर त्या खोलीचे दार शेतकऱ्यांना, कामगारांना आणि विशेषतः स्त्रियांना उघडे असावे. चुलीचा धूर कसा कमी होईल, हा प्रश्न यंत्रमानवापेक्षा कमी वैज्ञानिक नाही. आणि महागडी पेटी येईपर्यंत वाट न पाहता काड्या, नळ्या आणि भंगार यांपासून आरंभ व्हावा.

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते भाषणांनी पार पडणारे नाही. आपल्या गावच्या शाळेत प्रयोगशाळा मंजूर आहे काय, तिची किल्ली कोणाकडे आहे, ती शेवटची कधी उघडली, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत विचारले पाहिजेत. कुलूप उघडायला लावणे हे पहिले काम. आत गेल्यावर काय करायचे, ते मुलांना कळते.