घामाची लाज कुणाला?

बायकांसाठीच्या सुगंधांची एक जात हल्ली फार खपते. ‘ताजा, स्पोर्टी, फुलांचा’ असं तिचं वर्णन असतं. जाहिरातीतली मुलगी पळते, टेनिस खेळते, पण तिला घाम म्हणून येत नाही. बचत गटांच्या कामासाठी मी केंदूरला जाते, तेव्हा रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलींच्या पर्समध्ये अशा छोट्या बाटल्या दिसतात. या मुलींना मला नावं ठेवायची नाहीत. पहाटे उठून पाणी भरायचं, डबा करायचा, मग पाळीभर उभ्यानं काम. अशा मुलीला आपल्या अंगाला छान वास यावा असं वाटलं, तर त्यात गैर काय? माझा आक्षेप बाटलीबरोबर विकल्या जाणाऱ्या दोन गोष्टींना आहे. एक लाज आणि दुसरी खोटं स्वातंत्र्य.

ही लाज मुद्दाम पेरलेली आहे. अमेरिकेत ‘ओडोरोनो’ नावाचं घाम रोखणारं औषध एका डॉक्टरनं स्वतःच्या हातांना शस्त्रक्रियेच्या वेळी घाम येऊ नये म्हणून बनवलं होतं. पुढे ते बायकांना विकायचं ठरलं. १९१९ साली एका महिला मासिकातल्या जाहिरातीनं वाचकांना सुचवलं की, तुमच्या अंगाला वास येतो आणि तो तुम्हालाच कळत नाही. सुमारे दोनशे जणींनी रागानं मासिक बंद केलं. औषधाचा खप मात्र वर्षभरात दुपटीवर गेला. आपल्याकडेही पुरुषाचा घाम ‘कष्टाचा’ ठरतो, त्याचे मोती होतात. बाईचा घाम मात्र लपवायचा!

स्वातंत्र्याची विक्री १९७३ सालची. अमेरिकेत स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात असताना रेव्हलॉन कंपनीनं ‘चार्ली’ हे अत्तर आणलं. जाहिरातीत पँट घालून ढांगा टाकत चालणारी, आपल्या पायावर उभी असलेली तरुणी. अत्तराला नाव मात्र दिलं कंपनीच्या मालकाचं, चार्ल्स रेव्हसन यांचं! बायका समान वेतन मागत होत्या, बाजारानं त्यांच्या हातात बाटली ठेवली.

खरी धावणारी मुलगी कशी घडते? साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषानं अंतिम फेरी गाठली होती. त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत तिथवर पोचलेली भारतीय बाई हीच. त्यासाठी सराव लागला, वेळ लागला, शिकवणारं माणूस लागलं. आपल्या गावोगावच्या मुलींचा खेळ मात्र पाळी सुरू झाली की थांबतो. संध्याकाळचं मैदान मुलग्यांचं आणि मुलींच्या वाट्याला हंडा नि चूल. केंदूर-पाबळसारख्या कोरडवाहू पट्ट्यात उन्हाळ्यात अंघोळीचं पाणीसुद्धा मोजून वापरावं लागतं. तिथे ‘ताजेपणा’ हा अत्तराआधी पाण्याचा प्रश्न आहे.

म्हणून मैत्रिणींनो, हवं तर अत्तर जरूर लावा. पण ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्या सभेत तीन मागण्या मांडा: घरापर्यंत पुरेसं पाणी, शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलींसाठी राखीव तास, आणि गावातून कंपनीत जाणाऱ्या मुलींना कामाच्या जागी हातपाय धुवायला, कपडे बदलायला बंद खोली. ठराव लिहून घ्या, वाचून पाहा आणि मगच सही करा.