हिरव्या गंजाचे मोल

मार्च २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात तीन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी कांस्यपात्राला ३ कोटी ७२ लाख डॉलर मोजले गेले. शांग राजवटीतील, मेंढ्यांच्या शिरांनी सजविलेले हे चौकोनी मद्यपात्र. एवढे मोल कशाचे? सौंदर्याचे, असे संग्राहक सांगतात. आणि अशा पात्रांवरील हिरव्या झिलईवर तर त्यांचा विशेष जीव. ही झिलई म्हणजे मातीत चढलेला गंज होय. ओताऱ्याच्या हातून पात्र बाहेर पडले तेव्हा ते सोन्यासारखे झळाळत होते! गंजाला भाव आहे; ओताऱ्याचे नावही कोणास ठाऊक नाही.

त्याचे श्रम सामान्य नव्हते. मातीचा नमुना, त्यावरून तुकड्यातुकड्यांनी घेतलेले साचे, ते भाजून पुन्हा जुळविणे, मग तांबे, कथील व शिसे यांचा रस ओतणे. आन्यांगला सापडलेले एक पात्र तर ८३२ किलोंचे आहे. आणि हे सारे राजघराण्याच्या मृत पूर्वजांना मद्यमांस अर्पण करण्यासाठी!

त्याच आन्यांगला १९७६ साली पुरातत्त्वज्ञांनी फू हाओ या राणीची अभंग कबर उघडली. साडेचारशेहून अधिक कांस्यवस्तू निघाल्या; त्यांच्यासोबत बळी दिलेली १६ माणसेही. पात्रांवरील नाव आणि शकुनाच्या हाडांवरील लेख यांचा मेळ बसला, आणि सेनापतित्व करणारी ही स्त्री इतिहासात उभी राहिली. कबर चोरांनी फोडली असती, तर भांडी परदेशी कपाटांत गेली असती आणि त्या १६ जणांची हाडे मातीत विखुरली असती. संग्राहकांमुळेच वारसा टिकला, असे म्हणणाऱ्या विद्वानांनी याचे उत्तर द्यावे.

हूनान प्रांतातील 'मिन' पात्राचे धड परदेशी गेले, झाकण मायदेशी राहिले. २००१ मध्ये ते धड न्यूयॉर्कला सुमारे ९२ लाख डॉलरना विकले गेले आणि २०१४ मध्ये हूनानने ते खासगी सौद्यात विकत घेऊन परत आणले. धड-झाकणाची भेट झाली याचा आनंद आहेच. परंतु आपलीच वस्तू बाजारभावाने सोडवून आणण्याला देशभक्ती म्हणावयाचे, तर अशा प्रत्येक बोलीने कबरी फोडणाऱ्यांना उद्याचा भाव कळतो, हेही म्हणावे लागेल.

कायद्याचा आधार शोधावा, तर १९७० चा युनेस्को करार पूर्वी गेलेल्या वस्तूंना लागूच होत नाही. नंतर चोरीस गेलेली वस्तू परत मागावी, तर पुरावा स्वखर्चाने मागणाऱ्या देशाने द्यावयाचा, आणि अजाणतेपणी ती घेणाऱ्यास भरपाईही त्यानेच द्यावयाची! हा भार उलटविला पाहिजे. वस्तू कोणत्या भूमीतून, केव्हा व कोणाच्या परवानगीने निघाली, हे विक्रेत्याने सिद्ध केल्यावाचून लिलावाचा हातोडा पडता कामा नये.